आईने डबा दिला नाही

या आठवड्याचं पत्र मोठं होतं, इथे थोडक्यात देते आहे.

"मावशी, नमस्कार. मी मूळची चाळीसगावची, वय २७. चार वर्षांपासून मुंबईत नोकरी करते, घाटकोपरला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते. मला खायला मनापासून आवडतं. रविवारी एकटीच निघते, कधी माटुंगा, कधी गिरगाव, कधी फोर्ट. पण आता हे हाताबाहेर चाललंय असं वाटतं. हातात ४२ हजार येतात, त्यातले गेल्या महिन्यात १५ हजार खाण्यावर गेले. रोज रात्री फोनवरून काहीतरी मागवते. पित्ताचा त्रास सुरू झालाय. भाऊ म्हणतो, 'तू मुंबईला नोकरीला गेली की चरायला?' लग्नाचं बोलणं चालू आहे, तेव्हा हे बाहेर कुठे बोलू नकोस, असंही त्याने बजावलंय. मध्यंतरी एका हॉटेलात ४५० रुपये देऊन 'खान्देशी थाळी' खाल्ली, ते भरीत पाहून रडू आलं. मी खवय्यी आहे की नुसती खादाड? काय सोडू? आणि हो, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी गेले होते तेव्हा दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर आईच्या पाटोड्यांच्या रश्शाला सपक म्हणाले. परत निघताना आईने पहिल्यांदाच गाडीतला डबा दिला नाही."

पोरी,

तुझं पत्र तीन-चार वेळा वाचलं. पैसे, पित्त, भाऊ, थाळी हे सगळं तू वर मोकळेपणाने लिहिलंस आणि आईचा डबा शेवटच्या दोन ओळींत दडपलास. जे जास्त दुखतं ते माणूस असंच निघता निघता सांगतो. तिथे मी येणार आहे. पण आधी खाण्याचं बोलू, कारण तो गुंता सुटल्याशिवाय आईचं तुला नीट दिसणार नाही.

मूळ पत्रात माटुंग्याच्या डोशावर तू अर्धं पान लिहिलं आहेस. तव्यावर पाणी मारल्यावर होणारा आवाज, चटणीतला कढीपत्ता, समोर बसलेल्या आजोबांनी बशीत ओतून घेतलेली कॉफी, सगळं त्यात आहे. आणि रोज रात्री जे मागवतेस त्याच्यासाठी अख्ख्या पत्रात एकच शब्द आहे: 'काहीतरी'. गेल्या मंगळवारी रात्री काय खाल्लं होतंस, आठवतंय? मला नाही वाटत. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तूच लिहून पाठवलं आहेस. रविवारी जी निघते ती खवय्यी आहे. रात्री साडेदहाला ऑफिसच्या शिणानं फोनवर बोट फिरवते ती दमलेली मुलगी आहे, तिला चवीचं काही देणंघेणं नाही. दोघींना एकाच नावाने हाक मारून तू उगाच स्वतःवर चिडते आहेस.

१५ हजारांचा हिशेब वहीत मांड. चार रविवारचं बाहेरचं खाणं, लोकलच्या भाड्यासकट, माझ्या अंदाजाने तीन-साडेतीन हजारांच्या वर जात नसेल. उरलेले सगळे त्या 'काहीतरी'चे. त्यातही पदार्थाचे किती आणि पॅकिंग, पोचवणं, ॲपचं शुल्क, त्यावरचा कर यांचे किती, ते बिलं उघडून बघ. एवढं देऊन हातात काय येतं? डोसा डब्यात बंद केला की स्वतःच्याच वाफेनं मऊ पडतो. पुरी बसते. भजी ओलसर होतात. जो पदार्थ तव्यावरून ताटात यायलाच जन्मला, तो पाऊण तास स्कूटरवर फिरवून कसा लागणार? आणि अकराला जेवून साडेअकराला आडवं झालं की पित्त वर येणारच. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास जाऊ देत. महिनाभर तसं करूनही जळजळ थांबली नाही तर डॉक्टरला दाखव, मेडिकलमधून गोळ्या आणून ढकलू नकोस.

तेव्हा रविवार ठेव. रात्रीचं मागवणं सोड. एकदम नाही सुटणार, कारण साडेदहाला भूक खरी असते आणि चुलीपाशी उभं राहायची ताकद नसते. म्हणून तयारी आधी लागते.

तुम्ही तिघी आहात, घरात गॅस आहे. रविवारी संध्याकाळी तासभर काढून वाटण करून ठेवा. कांदे उभे चिरून तेलावर चांगले काळपट होईपर्यंत भाजायचे, सुकं खोबरं भाजायचं, लसूण, आलं, थोडी कोथिंबीर, सगळं बारीक वाटायचं. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस राहतं. ऑफिसमधून आल्यावर दोन पळ्या तेलात वाटण टाक, तेल सुटेपर्यंत परत, काळा मसाला आणि तिखट घाल, गरम पाणी ओत, उकळी येऊ दे. जाड तिखट शेव वाढताना घालायची, आधी घातली तर लगदा होतो. पंधरा मिनिटांत शेवभाजी. भाकरी थापायचं त्राण नसेल तर खालच्या बेकरीतून पाव आण, शेवभाजीला पाव चालतो, मी स्वतः खाते. त्याच वाटणात एक दिवस उकडलेली अंडी, एक दिवस मटकी. मात्र काळा मसाला दुकानातला घेऊ नकोस. तो कुठून आणायचा ते पुढे सांगते.

आठवड्यातले दोन-तीन दिवस तेही जमणार नाही. त्या दिवसांसाठी जवळपास घरगुती डबा देणारी बाई शोध. मुंबईत ही सोय फार जुनी आहे. गिरणगावात हजारो कामगार बायकामुलं गावाला ठेवून राहायचे आणि खानावळवाल्या बायकांच्या हातचं जेवून पाळीला जायचे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये याच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. मी १९८४ ते ८७ मुंबईत एका सरकारी कचेरीत नोकरीला होते, दादरला हॉस्टेलवर राहायचे, आणि लालबागच्या अशाच एका मावशींकडे जेवायचे. आमटी, भात, दोन पोळ्या, एक भाजी. रोज वेगळं नसायचं, पण एक दिवस गेले नाही तर दुसऱ्या दिवशी त्या विचारायच्या, "काल कुठे होतीस?" रात्री फोनवरून मागवलेल्या डब्याला हा प्रश्न विचारता येत नाही.

आता तुझ्या रविवारांबद्दल, कारण मला ते फार आवडले.

एकट्या मुलीने हॉटेलात बसून पोटभर जेवणं आपल्याकडे अजून सोपं नाही. जळगावात सोबत कुणी नसेल तर बाई पार्सल घेऊन घरी जाते. मुंबईतल्या जुन्या जागा या बाबतीत मोठ्या मनाच्या आहेत. धोबीतलावचं कयानी १९०४ पासून चालू आहे, तिथे एकटीने चहा आणि बन मस्का घेऊन बसलं तर कुणी वळून बघत नाही. उडुप्याकडे गर्दीच्या वेळी अनोळखी माणसांसमोर बसवतात, तेही मला चांगलंच वाटतं, ताटाकडे बघत बघत ओळख होते. रविवारी सकाळी माटुंग्याला रांगा लागतात, शक्य असेल तर सुट्टीच्या एखाद्या मधल्या वारी जा, शांतपणे खाता येतं. नव्या महागड्या जागी गेलीस तर बिल वाचल्याशिवाय पैसे देऊ नकोस. सेवा शुल्क देणं सक्तीचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे निर्देश काढले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. काढा म्हणून सांगायचं, नाही ऐकलं तर १९१५ या क्रमांकावर तक्रार करायची.

पण मुंबईत खान्देश शोधायला जाऊ नकोस. तुझ्या त्या ४५० रुपयांच्या थाळीतलं भरीत वाईट का होतं, ते मी इथे बसून सांगते. आपलं भरिताचं वांगं हिरवट पांढरं, लांबट, गर जास्त आणि बिया कमी. बामणोदच्या वांग्यांसाठी लोक वाट वाकडी करून जातात. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. हे वांगं थंडीत येतं. ते तुरीच्या नाहीतर कापसाच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर भाजायचं, सालं काढून लाकडी भांड्यात ठेचायचं, वर हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि हात न आखडता तेल. टोमॅटो नाही, गरम मसाला नाही. त्या हॉटेलने जांभळं वांगं गॅसवर भाजून मे महिन्यात विकलं असणार. त्यात खान्देशचं काय उरलं? आचाऱ्याचा दोष थोडा, पण जी गोष्ट माती, हंगाम आणि जाळ यांनी बनते ती मेनूकार्डावर लिहिली म्हणून येत नाही.

याची दुसरी बाजूही खरी आहे. मुंबईचा वडापाव जळगावात मिळतो, पण दादर स्टेशनाबाहेर गाडी पकडायच्या घाईत उभ्याने खाल्लेला वडापाव जळगावात मिळत नाही. १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी तो त्याच स्टेशनाबाहेर सुरू केला असं मानतात. घाईच्या माणसाच्या मुठीत मावेल असा तो घडला आहे. पावभाजीचं मूळ सांगताना काही जण १८६० च्या दशकापर्यंत मागे जातात. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला, इंग्लंडच्या गिरण्या मुंबईच्या कापसावर तुटून पडल्या, आणि बाजारात रात्र रात्र जागणाऱ्या माणसांसाठी उरल्यासुरल्या भाज्या एकत्र करून पावाबरोबर द्यायला लागले. त्या तेजीत आपल्या खान्देशातही कापसाचा पेरा वाढला होता. पुढच्या वेळी पावभाजी खाशील तेव्हा ही गोष्ट आठव, मला तर आठवते आणि घास जास्त गोड लागतो. जे शहराने स्वतःच्या गरजेतून घडवलं ते शहरातच खावं, तिथल्या माणसांत बसून, कडकडीत भूक लागलेली असताना. एवढं केलंस तर महिन्याला चार रविवार पुरतात, पाचवा लागत नाही.

भावाचं उत्तर लांबवायची गरज नाही. तुझा भाऊ मित्रांबरोबर हायवेच्या ढाब्यावर शेवभाजी खायला जात नाही का? थंडीत शेतावर भरीत पार्टी करत नाही का? त्याला कुणी 'चरायला गेला' म्हणत नाही, त्याच्या सोयरिकीत ही गोष्ट लपवावी असं कुणाला वाटत नाही. मुलाचं खाणं म्हणजे शौक आणि मुलीचं खाणं म्हणजे चटोरपणा, हे मला कधीच पटलं नाही आणि या वयात तर मुळीच पटत नाही. लग्नाच्या बोलण्यात ही गोष्ट तू स्वतःहून सांग. मुलाला विचार, तुला काय खायला आवडतं. उत्तर द्यायला त्याचे डोळे चमकले तर चांगलं. 'काहीही चालतं' म्हणाला तरी काही बिघडत नाही. पण तुझ्या आवडीची लाज वाटणाऱ्या घरात तू जाऊ नकोस.

पैशाचं मात्र भावाचं थोडं बरोबर आहे. १५ हजार फार झाले.

आता आई.

आखाजी हा आपल्याकडे लेकींचा सण. भर उन्हाळ्यात, चुलीवर उलटं खापर ठेवून तुझी आई मांडे करत असेल. दोन्ही हातांवर पुरणाचा मांडा फिरवत फिरवत मोठा करायचा आणि खापरावर टाकायचा, त्यात पोळलेले हात मी माझ्या आईचे पाहिले आहेत. दुसऱ्या दिवशी पाटोड्यांचा रस्सा, म्हणजे पुन्हा बेसन शिजवा, थापा, वड्या पाडा, वाटण वाटा. दोन दिवस ती बाई स्वयंपाकघरातून बाहेर आली नसेल. आणि मुंबईहून आलेली लेक चार माणसांत म्हणते, रस्सा सपक झालाय.

तुझी जीभ खोटं बोलली असं मी म्हणत नाही. रोज रात्रीच्या त्या खाण्यात मीठ-तेल भरपूर असतं, जिभेला त्याची सवय लागते आणि मग घरचं फिकं लागतं. महिनाभर मागवणं बंद कर आणि आईच्या हातचं पुन्हा खाऊन बघ. आणखी एक विचारून घे: घरात कुणाला डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आहे का? आमच्याकडे माझ्या नवऱ्याला रक्तदाब निघाला तेव्हा मी पाच महिने कुणाला न सांगता हळूहळू मीठ कमी करत होते. आया अशा गोष्टी बोलत नाहीत, पातेल्यातच करून टाकतात.

पण मिठाचं काही असो. डबा दिला नाही तो रागाने दिला नाही असं मला वाटत नाही. माझी खात्री आहे की तिने डबा भरायला घेतला असेल, आणि मग तिला वाटलं असेल की हे आता तिला काय आवडणार, गाडीत टाकून देईल. हे वाटणं रागापेक्षा वाईट आहे.

माझी एक गोष्ट तुला सांगायला हवी. १९८५ च्या पावसाळ्यात माझे वडील मला बघायला मुंबईला आले. यावल तालुक्यात आमची केळीची बाग होती. मी फार वाळले आहे असं कुणीतरी गावात जाऊन सांगितलं होतं आणि आईने जेवण सोडलं होतं. वडिलांनी फडक्यात कळण्याची भाकरी, ठेचा आणि केळ्यांच्या दोन फण्या आणल्या होत्या. कळणा म्हणजे ज्वारीत अख्खे काळे उडीद आणि मीठ घालून दळलेलं पीठ, ती भाकरी दोन दिवस टिकते, म्हणून प्रवासाला तीच. मी त्यांना माटुंगा स्टेशनाजवळ रामा नायक यांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये घेऊन गेले. १९४२ पासूनची ती जागा. तिथे केळीच्या पानावर जेवण वाढतात. वडिलांनी पान पुढ्यात आल्यावर शिरेवरून अंगठा फिरवला, कड उलटून पाहिली आणि म्हणाले, "पान कवळं हाये." वाढप्याला विचारलं, पानं कुठून येतात. मग सांबार-भात, रसम-भात, ताक-भात असा तीनदा भात घेतला. बाहेर येऊन कॉफी प्याले, स्टेशनपर्यंत काही बोलले नाहीत. गाडीत बसल्यावर म्हणाले, "तुह्या मायले सांगतो, पोरगी पानावर जेवते."

आई त्यानंतर कितीदा तरी मला विचारायची, ते पानावरचं काय काय वाढतात, आंबट भात कसा लागतो, कॉफी कडू असते का. मी सांगायचे. तीन वर्षं मुंबईत होते आणि तिला एकदा तिथे न्यावं, हे मला सुचलं नाही. तिने बोलून दाखवलं नाही आणि मला ऐकू आलं नाही. १९९१ मध्ये ती गेली. आजही केळीच्या पानावर जेवायला बसले की माझा पहिला घास अडकतो.

म्हणून तू आईला मुंबईला बोलाव. दिवाळीनंतर, उकाडा कमी झाल्यावर. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये चढवू नकोस, दुपारी निघा. दादरला मामा काण्यांकडे बटाटावडा, गिरगावात विनय हेल्थ होमची मिसळ, आणि माटुंग्याचं पानावरचं जेवण. तीन दिवसांत तीन जागा पुष्कळ झाल्या. गार हवेच्या, मंद दिव्यांच्या हॉटेलात नेऊ नकोस, तिथे ती किमती वाचत बसेल आणि जेवणार नाही. तिचा उपास कोणत्या वारी असतो ते आधी बघ. ती सांबाराला नावं ठेवेल, डाळीला फोडणीच नाही म्हणेल. ठेवू दे. तुला रस्सा सपक लागला तसं तिलाही काही सपक लागायचा हक्क आहे.

हे बोलावणं फोनवर करू नकोस. त्याआधी दोन दिवसांची रजा काढून घरी जा, सण नसताना, पाहुणे नसताना. जाताना माटुंग्याहून ताज्या दळलेल्या कॉफीची पाव किलोची पुडी आणि पितळेचं छोटं फिल्टर घे. परत येताना तिच्याकडून काळा मसाला मागून घे. करून दे म्हणू नकोस, शिकव म्हण. खडा मसाला कोणत्या क्रमाने भाजायचा, खोबरं किती काळं करायचं, हे तिच्या शेजारी उभं राहून वहीत लिहून घे. आठवड्याच्या वाटणात तोच मसाला पडू दे.

रात्रीच्या गाडीने निघालीस तर चाळीसगावला पहाटे पोचशील. आई उठलेली असेल, चहाचं आधण ठेवायला जाईल. तिला थांबव आणि फिल्टर तू लाव. वरच्या भांड्यात पूड घालून हलक्या हाताने दाबायची, उकळतं पाणी ओतायचं, झाकण लावायचं. अर्क खाली उतरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. रश्शाबद्दल जे बोलायचं आहे ते तेवढ्या वेळात बोलून घे.

तुझी मावशी